उन्हात वाळवलेले सेल

भाद्रपदात पाऊस जरा उघडला की आमच्या अंगणात ओल आलेले पापड आणि गोधड्यांच्या शेजारी एका सुपात चार-सहा सेल वाळत पडलेले असत. आमच्याकडे, म्हणजे अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात, हातातल्या विजेरीला बॅटरी म्हणतात आणि तिच्या पोटातल्या नळकांड्याला सेल. आजोबा ते सेल दुपारी एकदा पापडांसारखेच परतून ठेवत. दोन दिवस उन्हं खाल्ली की मेलेला सेल रात्री वाडीत जाऊन नारळाचा पडलेला झाप ओढून आणण्यापुरता पिवळट का होईना, उजेड देई.

हा काही त्यांचा भ्रम नव्हता. त्या सेलचं भांडं जस्ताचं, आत मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड, मधोमध कार्बनची कांडी आणि सगळ्याला ओलावा देणारी नवसागराची खळ. सेल उतरला म्हणजे आतली रासायनिक क्रिया मंदावली, पण थोडा माल शिल्लक असे. उन्हाने सेल तापला की क्रियेला थोडा वेग येई आणि तळाशी राहिलेलं तेवढं बाहेर पडे. भांड्याला चिकटलेली खीर खरवडून खावी, तसं.

दीड व्होल्टच्या त्या गरीब सेलने तीन-चार पिढ्यांच्या हातांना सवयी लावल्या. जुना सेल फेकायचा नाही, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात खिळे, स्क्रू आणि किल्ल्यांबरोबर टाकायचा. लहान सेल विजेरीत सैल बसला तर खाली चांदीचा कागद घालायचा. पोरांनी दगडाने फोडून कार्बनची कांडी काढायची आणि तिने ओटीवर रेघोट्या मारायच्या. अगदीच वाया गेला तर उकिरड्यावर. फार फार तर सेल फुटून पांढरा चीक बाहेर यायचा आणि बॅटरीची स्प्रिंग गंजायची. कुणाचा हात भाजल्याचं ऐकलं नव्हतं.

आता त्याच आकाराचा दुसराच सेल घरात आला आहे. तो नव्या विजेरीत असतो, डास मारायच्या रॅकेटमध्ये असतो, पॉवर बँकेत, पोरांच्या खेळण्यात, स्कूटरच्या सीटखाली शेकड्यांनी असतो. आणि शनिवारी संध्याकाळी काशीद किंवा नागावच्या किनाऱ्यावर फळांच्या वासाचा पांढरा ढग सोडणाऱ्या तरुणाच्या मुठीतही असतो, ई-सिगारेटमध्ये. या प्रकरणात त्या मुठीपासून सुरुवात करू, कारण हा लिथियम-आयन सेल माणसाच्या अंगाला इतका लगटून फार थोड्या वस्तूंत राहतो. ओठांशी येतो, नाही तर खिशात जातो.

मोठ्या ई-सिगारेटींत बहुधा १८६५० नावाचा सेल असतो. नावातच माप आहे: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५, आणि शेवटचं शून्य नळकांड्याचं. तो उघडून बघायचा नाही, पण उघडला असता तर सुरळीच्या वडीसारखी गुंडाळी दिसली असती. तांब्याचा पातळ पत्रा, त्यावर ग्रॅफाइटचा लेप. ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर कोबाल्ट किंवा निकेल असलेल्या ऑक्साइडचा लेप. आणि दोघांच्या मध्ये केसाहून बारीक प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा. सगळी वडी एका द्रावणात भिजलेली. नवसागराच्या जागी हे द्रावण सेंद्रिय, आणि पेट्रोलसारखं पेट घेणारं. सोनी कंपनीने १९९१ साली हा सेल बाजारात आणला. त्यामागच्या संशोधनाला, म्हणजे गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना, २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

योगायोग असा की भारताने ई-सिगारेटवर बंदी घातली तीही २०१९ मध्येच. तिकडे नंतर येतो. आधी एक हिशेब करू.

२,६०० मिलिअँपिअर-अवरचा एक सेल पूर्ण भरला की त्यात सुमारे ९.४ वॉट-अवर ऊर्जा असते. एवढ्या उष्णतेने माठातलं कपभर पाणी उकळीला येईल. बोटाएवढ्या नळकांड्यात एका चहाचा विस्तव. हा विस्तव तासाभरात हळूहळू बाहेर पडला तर आपण त्याला वीज म्हणतो. तोच अर्ध्या मिनिटात बाहेर पडला, वर ते पेटणारं द्रावण भडकलं, आणि हे सगळं जीन्सच्या खिशात घडलं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

हे घडतं कसं? सेलचं तापमान ९० अंशांच्या आसपास गेलं की ग्रॅफाइटवरचा संरक्षक थर विरू लागतो आणि त्यातून आणखी उष्णता निघते. १३० च्या सुमाराला मधला पडदा वितळू लागतो. पडदा गेला की दोन्ही पत्रे एकमेकांना भिडतात आणि सगळी वीज आतल्या आत उष्णता होते. पुढे ऑक्साइडचा लेप स्वतःच प्राणवायू सोडू लागतो. इंधन आत, ठिणगी आत, आणि हवाही आतच. तंत्रज्ञ याला थर्मल रनअवे म्हणतात. दावं तोडून उतारावर सुटलेल्या गाडीसारखं हे आहे, मागून ओढून थांबत नाही.

एक गोष्ट वापरणाऱ्यांतल्याही पुष्कळांना माहीत नसते. १८६५० सेलचं वरचं बटण म्हणजे धन टोक, आणि बाकीचं सगळं अंग, बुडापासून खांद्यापर्यंत, ऋण. दोघांच्या मध्ये कागदाची एक चकती आणि अंगावर प्लॅस्टिकचा पापुद्रा, एवढंच सोवळं. खांद्याजवळ तो पापुद्रा फाटला आणि किल्लीचं टोक तिथे टेकलं की परिपथ पूर्ण. अशा वेळी एका सेलमधून काही डझन अँपिअरचा प्रवाह वाहू शकतो. घरातला साधा प्लग असतो ६ अँपिअरचा.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ साली एक अहवाल काढला. २००९ ते २०१६ या आठ वर्षांत ई-सिगारेट पेटल्याच्या किंवा फुटल्याच्या १९५ घटना त्यांनी गोळा केल्या. त्यांतल्या ६१ घटना, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश, उपकरण किंवा सुटा सेल खिशात असताना घडल्या. ओढत असताना ६०. चार्जिंगला लावलेली असताना ४८. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमचा पत्र्याचा डबा आठवला. खिसा म्हणजे चालता-फिरता तसलाच डबा: किल्ल्या, सुटी नाणी आणि सेल.

याच अहवालात नळकांड्याच्या आकाराबद्दल निरीक्षण आहे. मोबाइलची चपटी बॅटरी आधी फुगते. ई-सिगारेटमध्ये सेल लांबट नळीत कोंबलेला, आणि सेलचा सगळ्यात कच्चा भाग त्याच्या टोकाशी. आत वायू कोंडला की टोक उडतं आणि उरलेली नळी दिवाळीतल्या बाणासारखी सुटते. त्या अहवालात मृत्यूची नोंद नव्हती. नंतर मे २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासात एकेक माणूस अशा स्फोटाने गेला. टेक्सासातल्या चोवीस वर्षांच्या तरुणाच्या मानेतली रोहिणी धातूच्या तुकड्याने कापली गेली होती.

आता बंदी. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात, सगळं बंद. साठवण सोडून बाकी बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. निकोटिनपासून पोरांना दूर ठेवणं हा हेतू, आणि तो मला मान्य आहे. पण बंदीचा एक परिणाम कुणी मोजला नाही. आपल्याकडे मोबाइलच्या बॅटरीवर आणि पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. लिथियम सेलसाठी आयएस १६०४६ हे मानक आहे: सेल दाबून, तापवून, शॉर्ट करून तपासतात. चोरून आलेल्या ई-सिगारेटला हे काहीच लागू नाही. तिच्यावर ना खरं नाव, ना क्षमता, ना तक्रार करायला दुकान. बंदीने वस्तू गेली नाही, तिच्यावरचं लेबल मात्र गेलं.

वस्तू येते समुद्रावाटे. सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातेतल्या मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने एका कंटेनरमधून सुमारे २ लाख ई-सिगारेटी पकडल्या. कागदोपत्री माल अर्थातच दुसरा. बातम्यांमध्ये किंमत आली, निकोटिन आलं, पण दोन लाख ई-सिगारेटी म्हणजे दोन लाख लिथियम सेल, हे कुठे वाचल्याचं मला आठवत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांप्रमाणे लिथियम बॅटऱ्या हा नवव्या वर्गातला धोकादायक माल आहे. तो कुठे ठेवायचा, कशापासून लांब ठेवायचा हे जहाजाच्या कप्तानाला ठाऊक असावं लागतं. खोट्या नावाने चढलेल्या कंटेनरच्या बाबतीत त्याला काहीच ठाऊक नसतं. उरण तालुक्यातलं न्हावाशेव्याचं बंदर १९८९ पासून चालू आहे आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. करंजा-मोऱ्याच्या होड्या त्याच जहाजांच्या वाटेवरून ये-जा करतात, तेव्हा हा प्रश्न धूर ओढणाऱ्या पोरांपुरता राहत नाही.

ओढणाऱ्यांपैकी काहींना सुट्या भागांपासून स्वतःच उपकरण जुळवायचा नाद असतो. त्यात मेकॅनिकल मॉड नावाचा प्रकार सगळ्यात वाईट: नळी, सेल आणि बटण, मध्ये कसलंही नियंत्रण नाही. तारेच्या वेटोळ्याचा रोध ०.२ ओहम असेल तर ४.२ व्होल्टचा भरलेला सेल २१ अँपिअर देणार, शाळेत शिकलेला ओहमचा नियम. रोध ०.१ केला, जास्त ढग यावा म्हणून, तर ४२. चांगला, दमदार सेल वीस-तीस अँपिअर सोसतो. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला त्याच्या पावपटही सोसत नाही. बाहेरून दोन्ही दिसतात सारखे, कारण नवा रंगीत पापुद्रा चढवायला चार रुपये लागत नाहीत. सेलवर ९,९०० मिलिअँपिअर-अवर छापलेलं दिसलं तर तो हातातही धरू नका. या मापाच्या बाजारातल्या बहुतेक चांगल्या सेलची क्षमता ३,५०० च्या आसपास संपते. जो क्षमतेबद्दल तिपटीने खोटं बोलतो, तो बाकी काय खरं बोलणार?

आता आपल्या किनाऱ्याची हवा. खारा वारा कशालाच सोडत नाही, ग्रिलला नाही, फ्रिजच्या मागच्या नळ्यांना नाही. मग सेलच्या निकेल चढवलेल्या पोलादी डब्याला का सोडेल? बटणाभोवती गंज धरला की वायू बाहेर पडायची भोकं बुजू शकतात, आणि तीच तर सेलची शेवटची सुटका. साध्या पाण्यापेक्षा समुद्राचं पाणी कितीतरी पटींनी वीज वाहून नेतं. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयान वादळानंतर समुद्राचं पाणी शिरलेल्या विजेच्या गाड्या पाणी ओसरल्यावर पेटल्या, काही तर बऱ्याच दिवसांनी. आपण ३ जून २०२० चं निसर्ग वादळ पाहिलं आहे. श्रीवर्धन-दिवेआगरकडे वीज यायला कित्येक दिवस लागले. तेव्हा विजेच्या स्कूटरी गावात फारशा नव्हत्या. आता आहेत. पुढच्या वादळात खारं पाणी लागलेली बॅटरी ‘वाळली, आता लावून बघू’ म्हणत घरात चार्जिंगला लावू नका, आणि उन्हात तर मुळीच ठेवू नका. वाळल्यावर मीठ आतच राहतं.

उन्हाचं दुसरं ठिकाण गाडी. बहुतेक सेलना चार्जिंगला ४५ अंश आणि एरवी ६० अंश ही वरची मर्यादा असते. काशीदला एप्रिलच्या दुपारी सुरूच्या बनाबाहेर लावलेल्या बंद गाडीच्या काचेखाली ६० अंश सहज ओलांडतात. तिथे पॉवर बँक ठेवून लोक तीन तास पाण्यात असतात.

कोळीवाड्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. होड्या वर ओढतात, केबिनमधल्या पेटीत विजेऱ्या, वॉकी-टॉकी, एखादी पॉवर बँक तशीच राहते, बहुधा उतरलेली. लिथियम सेल रिकामा पडून राहिला आणि त्याचा विद्युतदाब फार खाली गेला की आतला तांब्याचा पत्रा हळूहळू द्रावणात विरघळू लागतो. मग नारळी पौर्णिमेच्या आधी कुणी तरी तो चार्जिंगला लावतो. विरघळलेलं तांबं परत बसतं, पण भलत्या जागी, आणि पडद्यातून आरपार बारीक सेतू बांधतं. बाहेरून काही दिसत नाही. मग एखाद्या रात्री, जाळ्यांचं नायलॉन आणि डिझेलचे कॅन शेजारी असताना, सेल आतून शॉर्ट होऊ शकतो. बोडणी, आग्राव, एकदरा, कुठलीही होडी घ्या. त्या पेटीवर उपाय बिनखर्चाचा आहे. मासेमारी बंद व्हायच्या आधी सगळ्या वस्तू घरी आणायच्या, निम्म्या भरून ठेवायच्या आणि महिन्याने एकदा बघायच्या. दोन महिने पूर्ण मेलेला सेल पुन्हा जिवंत करायचा नाही. आजोबांच्या सेलला पुनर्जन्म होता, याला नाही.

घरात चार्जिंग कुठे आणि केव्हा करायचं, हे वसईच्या एका घराने फार मोठी किंमत देऊन सांगितलं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये विजेच्या स्कूटरची काढलेली बॅटरी रात्री बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावली होती. पहाटे ती फुटली. तिथे झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता. त्यानंतर वाहनांच्या बॅटऱ्यांसाठीचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं आणि १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालं. स्कूटरला निदान मानक आहे. उशीजवळ चार्जिंगला लावलेल्या ई-सिगारेटला नाही. म्हणून ती वापरणाऱ्याला, कायदा क्षणभर बाजूला ठेवून, एवढंच सांगतो: जागे असाल तेव्हाच चार्ज करा, फरशीवर ठेवून करा, गादीवर नाही. फोनचा वेगवान चार्जर तिला लावू नका. सुटा सेल प्लॅस्टिकच्या डबीशिवाय घराबाहेर नेऊ नका. पापुद्रा फाटला तर सेल बाद.

पेटलाच तर? किनाऱ्यावर पहिला हात वाळूकडे जातो. वाळूने ज्वाळा झाकली जाते, पण सेलला बाहेरची हवा लागतच नाही, त्यामुळे तो आत तापतच राहतो आणि शेजारच्या सेलला तापवतो. लहान उपकरणाला पाणी, भरपूर गोडं पाणी, लांबून. आग विझल्यावरही पाणी चालू ठेवायचं, कारण काम आहे गार करण्याचं. धूर छातीत घेऊ नका. त्यात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतं. माणूस भाजला तर जळका कपडा दूर करून वीस मिनिटं वाहतं पाणी. हळद नाही, टूथपेस्ट नाही. आणि दवाखान्यात शिरताच ‘बॅटरी फुटली’ हे शब्द आधी सांगा, म्हणजे डॉक्टर रसायनाचा विचार करून जखम बघतील. फक्त भाजल्याचं सांगितलं तर ते चुलीवर भाजल्यासारखे उपचार करतील. मोठ्या जखमांसाठी ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर आहे, पण श्रीवर्धनहून तिथवर कित्येक तासांचा रस्ता आहे.

राहिला संपलेला सेल. एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटींतही आत पुन्हा भरता येणारा लिथियम सेलच असतो. ब्रिटनमध्ये २०२३ साली आठवड्याला सुमारे ५० लाख अशा नळ्या कचऱ्यात जात होत्या. कचऱ्याच्या गाडीत चेपून त्या पेटत. १ जून २०२५ पासून तिथे त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. आपल्याकडे बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम २०२२ साली आले. त्यांत जुनी बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण ज्या वस्तूला कायदेशीर बापच नाही, तिच्या मयतीला कोण येणार? ती राहते वाळूत, नाही तर पर्यटकांच्या शेकोटीत. शेकोटी पेटवून देणाऱ्या होमस्टेवाल्यांनी कचऱ्याची पिशवी तिच्यात रिकामी करायची पद्धत आधी बंद करावी.

संपलेल्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, प्लॅस्टिकच्या बरणीत ठेवा, आणि पनवेल-मुंबईकडे जाणं होईल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. भंगारवाल्याला देऊ नका. तो हातोडीने फोडतो. आणि आज घरातला तो पत्र्याचा डबा एकदा उघडून बघा. खिळ्यांत एखादा निळा-जांभळा सेल दिसला, गार असला आणि फुगलेला नसला, तर चिमट्याने नको, कोरड्या हाताने उचला.